गेल्या वर्षाचा गहू

चौथीत गेल्यापासून लग्न होईपर्यंत मी आमच्या घरात त्या वर्षाचा गहू कधी खाल्ला नाही. उन्हाळ्यात नवा गहू यायचा, गच्चीवर वाळायचा, एरंडेलाचा हात लावून कडुलिंबाच्या पाल्यासकट कोठीत जायचा, की झाकण बंद. आम्ही खायचो तो शेजारच्या कोठीतला, आदल्या उन्हाळ्यात भरलेला. सगळी कॉलनी वर्षाचं धान्य भरायची आणि वर्षभर खायची. आमच्याकडे वर्षाचं धान्य आधी वर्षभर सांभाळायचं आणि मग खायचं, असा बाबांचा नियम होता. नियम देवाच्या नावाने घातलेला होता, त्यामुळे तक्रार करायची सोय नव्हती.

जुन्या गव्हाची पोळी काही वाईट लागत नाही. तिला वास तेवढा नसतो, आणि असलाच तर पत्र्याचा आणि लिंबाच्या पाल्याचा असतो. शाळेत मैत्रिणीने डबा उघडला की मला लगेच कळायचं, हा यंदाचा गहू. मला त्या पोळीचा हेवा वाटायचा. बाकी कुणाच्या फ्रॉकचा, सायकलचा मी एवढा हेवा केल्याचं आठवत नाही.

आम्ही सातपूरला राहायचो. बाबा तिथल्याच एका कारखान्यात टूलरूमला होते. मोजूनमापून वागणं हा त्यांचा धंदा होता आणि स्वभावही. रविवारी आम्ही तिघं बसने शहरातल्या जुन्या चर्चला जायचो. बाबा उपासनेला कधी उशिरा पोचले नाहीत आणि प्रवचनात कधी पेंगले नाहीत. पेंगले असते तर बरं झालं असतं, असं आई म्हणायची. कारण एका रविवारी पाळकांनी मिसर देशातल्या दुष्काळावर प्रवचन केलं, आणि आमच्या घरात दुसरी कोठी आली.

गोष्ट आम्हा सगळ्यांना संडे स्कूलपासून पाठ होती. भावांनी एका लहान भावाला विकून टाकलेलं असतं. तो परमुलखात राजाचा कारभारी होतो. सुबत्तेच्या वर्षांत धान्याची कोठारं भरून ठेवतो. मग दुष्काळ पडतो आणि तेच भाऊ धान्य मागायला त्याच्याच दारात येऊन वाकून उभे राहतात. तो त्यांना ओळखतो, ते त्याला ओळखत नाहीत. तो लगेच काही बोलत नाही, त्यांना जोखत राहतो. शेवटी रडू आवरत नाही तेव्हा मी तुमचा भाऊ आहे म्हणून सांगतो आणि सगळ्यांना जवळ घेतो. बाकीच्या मंडळींनी या गोष्टीतून देवावर विश्वास ठेवावा एवढं घेतलं आणि घरी जाऊन मटण खाल्लं. बाबा त्या आठवड्यात एका ओळखीच्या पत्र्याच्या वर्कशॉपमध्ये गेले आणि आपल्या मनासारखं घट्ट बसणारं झाकण असलेली कोठी करून घेऊन आले. पुढच्या दोन वर्षांत तिसरी आणि चौथी आली. आतल्या खोलीत, चुलीच्या ओट्यासमोर त्या ओळीने उभ्या राहिल्या आणि आईला वावरायला एक माणूस आडवं जाईल एवढीच वाट उरली.

आईकडेही शास्त्र होतं. रानात भटकणाऱ्या लोकांसाठी आकाशातून अन्न पडायचं, ते ज्यांनी दुसऱ्या दिवसासाठी लपवून ठेवलं त्यांच्या अन्नात किडे पडले, ही गोष्ट तिची आवडती. ती हे नेमकं गहू चाळताना म्हणायची, त्यामुळे चाळणीखाली पडलेले सोंडे तिच्या बाजूने साक्षीला असायचे. बाबा म्हणायचे, ते लोक चालत होते, त्यांच्याकडे कोठ्या कुठे होत्या? आई म्हणायची, आपण देवाकडे आजची भाकर मागतो, पुढच्या वर्षाची मागत नाही. यावर बाबा उठून कोठीचं झाकण नीट बसलंय का ते बघून यायचे.

कष्ट अर्थात आईचे आणि माझे. चार कोठ्यांतलं धान्य ऊन दाखवायला वर न्यायचं आणि खाली आणायचं, तेही जिन्याने. कॉलनीतल्या बायका विचारायच्या, दुकान काढताय का? आई हसून म्हणायची, दुष्काळ पडणार आहे. त्याही हसायच्या. त्या वर्षांत सातपूरला ओव्हरटाइम मिळत होता, दारात स्कूटरी येत होत्या, गंगापूर रोडला द्राक्षबागा मोडून प्लॉट पडत होते. दुष्काळ कुणाच्या बोलण्यातही नव्हता. तो फक्त आमच्या घरी होता, आणि त्याची आमच्याकडे वाट बघितली जात होती.

कुणाच्या दुष्काळाची, हे मला उशिरा कळलं. बाबांचे एकुलते भाऊ, माझे थोरले काका, सिन्नरच्या पलीकडे गावी शेती बघायचे. मी दुसरीत असताना आजी गेली. दिवस उन्हाळ्याचे होते आणि काकांनी त्याच दिवशी माती उरकली. बाबा दुसऱ्या दिवशी पोचले तेव्हा कबरीवरची फुलं वाळली होती. काका म्हणाले, निरोप धाडला होता, माणूस कंपनीच्या गेटवर सांगून आला. बाबा म्हणाले, कुणी आलं नाही. गेटवरचा निरोप आत पोचला नाही, असं दोघांपैकी कुणालाच सुचलं नाही. आपल्या आईच्या कबरीत मूठभर माती टाकायला मिळाली नाही, हे बाबांचं दुःख होतं आणि ते खरंच दुःख होतं. त्या दिवशी त्यांनी गावात पाणीसुद्धा घेतलं नाही, आणि नंतर गावात पाऊल टाकलं नाही. पाळकांचं ते प्रवचन यानंतर वर्षा-दीड वर्षाने झालं.

जेवायला बसलं की बाबा प्रार्थना करायचे आणि तिच्यात काका रोज असायचे. माझ्या भावावर वाईट वेळ आली तर त्याला या घराचं दार उघडं असू दे, त्याच्या गरजेला पुरेल एवढं आमच्या घरात असू दे. हे ऐकून मला लहानपणी वाटायचं, आपल्या बाबांइतकं मोठं मन कुणाचं नाही. मग एका वर्षी सिन्नरकडे पाऊस झाला नाही. पेपरात टँकरची बातमी आली आणि त्या संध्याकाळी बाबांची प्रार्थना लांबली. भाजी निवाली. आमेन व्हायच्या आत आई बोलली.

"तुम्ही दादांसाठी प्रार्थना करता, का दुष्काळासाठी?"

बाबांनी डोळे उघडले नाहीत. आमेन म्हटलं आणि पोळी मोडली. मी दहावीत होते, तेव्हा मला एवढं कळायला हरकत नव्हती. काकांनी रिकामं पोतं घेऊन आमच्या दारात उभं राहावं, एवढ्यासाठी हे सगळं चाललं होतं. बाबांना त्यांचं वाईट करायचं नव्हतं. त्यांना द्यायचंच होतं, भरभरून द्यायचं होतं, गळ्यात पडून रडायचं होतं. क्षमा अगदी तयार होती. फक्त ती घ्यायला काकांनी उपाशी यायला हवं होतं. मला त्या दिवशी बाबांचा राग आला आणि त्याहून जास्त कीवही आली.

काका त्या वर्षी आले नाहीत. पुढच्या वर्षी बरा पाऊस झाला आणि बाबांनी जुना गहू खायला काढून नवा भरला. शतक संपत आलं तेव्हा जग बंद पडणार, कॉम्प्युटर चुकणार, अशी आवई उठली. ज्या शेजारणी हसायच्या त्यांच्यापैकी दोघी-तिघी हळूच येऊन कोठीचं माप विचारून गेल्या. बाबांनी त्यांना माप दिलं, पण त्यांना त्या विषयात रस नव्हता. जगाच्या अंताशी त्यांना काही कर्तव्य नव्हतं. त्यांना सिन्नरकडचा एक मोठा दुष्काळ पुरेसा होता.

तोही पडला. नवं शतक सुरू झाल्यावर लागोपाठ पावसाने दगा दिला. सिंहस्थाचं वर्ष होतं. शहर भगव्या कपड्यांनी आणि पोलिसांनी भरलेलं, बस कुठून सुटेल त्याचा नेम नाही, आणि सिन्नरकडे गावंच्या गावं टँकरवर. बाबांनी बाहेरच्या खोलीला चुना काढला. एक नवी सतरंजी आणली. कुणासाठी ते आम्ही विचारलं नाही.

भाद्रपदात एका संध्याकाळी काका आले. मी दार उघडलं. एवढ्या वर्षांनी बघत होते, तरी ओळखायला वेळ लागला नाही, बाबांचंच नाक, फक्त उन्हाने काळं पडलेलं. काखेत पिशवी होती. बाबा आतून आले. मग काका म्हणाले, काकूला सरकारी दवाखान्यात भरती केलंय, पिशवीचं ऑपरेशन आहे, बायकांच्या वॉर्डात गड्याला थांबू देत नाहीत, चार-सहा दिवस ओसरीवर पडायला जागा मिळेल का? बाबा म्हणाले, बस. आणि नवी सतरंजी स्वतः पसरली.

आत येऊन त्यांनी आईला हळू आवाजात बजावलं, की कोठ्यांबद्दल चकार शब्द काढायचा नाही. दादा स्वतःच्या तोंडाने मागेल, मग सांगायचं. मला हसावं की काय करावं कळेना. गोष्टीतला तो भाऊ आधी गप्प राहिला होता, म्हणून बाबा गप्प राहणार होते. आणि काकांना कोठ्या दिसायचा प्रश्नच नव्हता. ते जुन्या वळणाचे, धाकट्या भावजयीच्या स्वयंपाकघरात थोरल्या दिराने पाऊल टाकायचं नाही हे त्यांच्या हाडात होतं. बाहेरच्या खोलीत, आतल्या दाराकडे पाठ करूनच ते जेवायला बसले.

पोळी त्यांनी मोडली, चावली, आणि क्षणभर थांबले. मग खाली बघून जेवत राहिले. बाबा वाट बघत होते. पाऊसपाण्याचं बोलणं झालं. विहिरी आटल्याचं झालं. आता मागेल, मग मागेल, असं करत जेवण संपलं. काकांनी हात धुतले आणि सतरंजी उचलून ओसरीवर गेले. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. बाबा रोज बाजार आणायचे, मटण आणायचे, रोज दुष्काळाचा विषय काढायचे आणि काका त्याला रोज बगल द्यायचे. हॉस्पिटलला काकूचा डबा मी न्यायचे. काकूही धान्याबद्दल बोलली नाही. तिला आपलं घरी कधी सोडणार एवढीच काळजी होती.

एका सकाळी बाबा कामाला गेले होते आणि आई ओसरीच्या टोकाला बसून गहू चाळत होती. चाळणीखाली सोंडे पडले होते. काकांनी लांबून ते पाहिलं आणि मान खाली घालून विचारलं, कंपनी बंद पडली का? आई म्हणाली, नाही, चालू आहे. काका म्हणाले, मग हा गहू? आईने काहीतरी उडवाउडवीचं उत्तर दिलं. सातपूरला तेव्हा दिवस मंदीचे होते, बरेच जण स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी बसले होते, बाबांच्या बरोबरीचेही होते त्यात. काकांनी दवाखान्यातल्या बाकावर बसून असल्याच गोष्टी ऐकल्या होत्या. त्यांनी आपला हिशेब केला. धाकट्याची नोकरी गेलीय, रोज सकाळी डबा घेऊन उगाच बाहेर पडतो, घरी रेशनचा किडका गहू शिजतो आणि पाहुण्याला मटण घालायला कुठून तरी पैसे आणतो.

आईने हे ओळखलं आणि मला सांगितलं, बाबांना सांगितलं नाही. मी विचारलं, का नाही सांगत? ती म्हणाली, सांगितलं तर हा माणूस त्यांना हाताला धरून आत नेईल आणि कोठ्या दाखवेल. दादांनी विचारलं हे कुणासाठी, तर खरं बोलेल, त्याला खोटं येत नाही. मग दादांना कळेल की आपण उपाशी मरू म्हणून आपला भाऊ इतकी वर्षं तयारीला लागला होता. ते पुन्हा या घराची पायरी चढणार नाहीत. एवढं बोलून तिने सोंडे बाहेर टाकले.

काकूला सोडलं त्या दिवशी बाबांनाच राहवलं नाही. रिक्षा दारात उभी असताना त्यांनी गव्हाचं एक भरलेलं पोतं बाहेर आणून ठेवलं. मागितलं नव्हतं तरी दिलं, हे त्यांना केवढं जड गेलं असेल ते मला माहीत आहे. काकांनी पोत्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं आणि म्हणाले, राहू दे, तुम्हाला लागंल. बाबांनी पुन्हा आग्रह केला. काकांनी पोतं स्वतः उचलून परत उंबऱ्याच्या आत ठेवलं आणि रिक्षात बसले. बाबा आत येऊन म्हणाले, अजून ताठा गेला नाही त्याचा. त्या दिवशी ते जेवले नाहीत, आणि नंतर बरेच दिवस प्रार्थनेत काकांचं नाव आलं नाही. मला वाटलं, संपलं हे.

दिवाळीच्या आसपास, एका रविवारी, आम्ही उपासनेहून येऊन बसलो होतो. काका दारात आले. या वेळी खांद्यावर पोतं होतं, अर्धं भरलेलं. बस लांब उतरवून गेली म्हणून तिथून चालत आले होते, घामाने बंडी अंगाला चिकटली होती. पोतं त्यांनी बाहेरच्या खोलीत टेकवलं आणि भिंतीला धरून उभे राहिले. बाबा उठले. त्यांच्या तोंडावर काय होतं ते मी विसरणार नाही. ज्या माणसाने रिकामं पोतं घेऊन यायचं होतं, तो भरलेलं घेऊन आला होता, आणि बाबांना ते डोळ्यांनी दिसत असून उमगत नव्हतं.

"बाजरी हाय," काका म्हणाले. "यंदा लय नाय झाली. दोन पोती निघाली, त्यातलं अर्धं पोतं आणलं. पण नवी हाय. तू सांगायचा नाय, मला ठावं हाय. लहानपणी बी भूक लागली तर सांगत नव्हता, आई हुडकून आणून जेवू घालायची. आता ती नाय, तर मी हाय ना. कंपनी काय, आज बंद पडंल, उद्या चालू व्हईल. तवर पोरीला असला किडका गहू नको घालू."

मी आईकडे बघितलं. आई बाबांकडे बघत होती. आतल्या खोलीचं दार सताड उघडं होतं आणि त्यातून चारही कोठ्या स्पष्ट दिसत होत्या, काकांनी नुसती मान वळवली असती तरी पुरे होतं. नोकरी शाबूत होती. धान्य दोन वर्षं पुरेल एवढं होतं. बाबांना एवढंच सांगायचं होतं, आणि ते खरं होतं, आणि खऱ्याशिवाय दुसरं काही बोलायची त्यांना सवय नव्हती. त्यांचे ओठ हलले. मग ते खाली बसले, पोत्याचं तोंड सोडलं, आत हात घातला आणि मूठभर बाजरी बाहेर काढून तिच्याकडे बघत राहिले. काकांची छाती अजून धपापत होती.

"बरं झालं आणलीस, दादा," बाबा म्हणाले. "घरात काही नव्हतं."

काकांनी मान हलवली. मला ठाऊकच होतं, अशी. मग पहिल्यांदाच भिंत सोडून ते आरामात खाली बसले आणि प्यायला पाणी मागितलं. आईने आतल्या दाराचा पडदा ओढून घेतला आणि पाणी आणायला गेली.